घरच्यांचं धरत नाहीत

९ जानेवारी

चि. भाचीबाईस, मामाचे अनेक आशीर्वाद.

आज सकाळी पाणी उशिरा आले. भरून घेतले. मग मुंगीच्या खोलीतले टेबल पुसले, खिडकी उघडून ठेवली, जेवलो, थोडा पडलो. दुपारी पोस्टमनने तुझे पत्र दिले. दिवस असा गेला.

फोन न करता पत्र लिहिलेस ते बरे केलेस. फोनवर मला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आले तरी पुढे काय बोलावे ते सुचत नाही. लोक ‘जेवलात का’ विचारतात, मी ‘हो’ म्हणतो, मग दोघेही फोन धरून गप्प उभे राहतो.

तुझ्या वाचनालयात मार्चमध्ये सगळ्यांनी बसून इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात शास्त्रज्ञ बायकांची पाने लिहायची ठरली आहेत, आणि तू मुंगीचे पान करणार म्हणतेस. मी तिच्या संगणकावर तो ज्ञानकोश उघडला. शास्त्रज्ञांची नावे पाहिली. पुरुषांची संपता संपेनात. बायकांची एका दमात वाचून झाली. त्यातली एक चुकून आलेली होती, ती नटी निघाली. मुंगी असती तर पोट धरून हसली असती.

तू तुझ्या ताईची माहिती मागितलीस ती देतो. लहानपणी ती स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत घरी आणायची, म्हणून मुंगी. मी पाणीपुरवठ्यात नोकरीला होतो. आमच्या भंगारातला जुना पाइप दिसला की ही आत डोळा लावून बसायची. पुढे प्रयोगशाळेत लागल्यावर, नळाला मधूनच काळे पाणी का येते, हाच तिचा विषय झाला. सगळे म्हणत पाइप गंजला. ती म्हणाली गंज नाही, पाइपच्या आत बुळबुळीत थर असतो, त्यात जिवाणू राहतात, ते पाण्यातले मँगनीज धरून ठेवतात, आणि पाण्याचा दाब बदलला की तो थर सुटून येतो. हे तिने मला आमच्या स्वयंपाकघरात सांगितले, तेव्हा प्रयोगशाळेतही कोणाला सांगितलेले नव्हते. काढून टाकलेल्या पाइपांचे तुकडे मी तिला करवतीने कापून देत असे. ती ते ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायची. तेव्हापासून मी नळाचे पहिले पाणी सोडून देतो आणि मग भरतो.

तिच्या सरांबद्दलही लिही. प्रयोगशाळेचे प्रमुख, फार मोठा माणूस. ती दवाखान्यात होती तेव्हा इतक्या लांबून आले आणि दिवसभर तिच्याशी कामाचे बोलत बसले. तिला धाप लागत होती, तरी सगळे नीट सांगत होती. मी माझी खुर्ची त्यांना दिली. नर्सबाईंना म्हटले, थोड्या वेळाने या, महत्त्वाचे चालले आहे.

कपाट आवरताना तिचा निळा स्वेटर सापडला. वेगळ्या पार्सलने पाठवला आहे. तुला थंडी फार वाजते. धुतलेला नाही, मुद्दामच.

मामा

२३ जानेवारी

प्रिय मामा,

स्वेटर मिळाला. पार्सल फोडलं आणि तशीच बसून राहिले. धुणार नाही.

आता कामाचं, आणि रागावायचं नाही. तुम्ही लिहिलंत त्यातलं मला जवळजवळ काहीच घालता येणार नाही. या ज्ञानकोशाचा नियमच आहे, घरच्यांचं धरत नाहीत. ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाने कुठेतरी छापलेलं असेल तेवढंच खरं. स्वयंपाकघरात ताईने काय सांगितलं याला साक्षीदार तुम्ही एकटे, आणि तुम्ही पडलात बाप. म्हणजे बाद. मी आतेबहीण, म्हणजे मीही अर्धी बादच. तसं आधी जाहीर करूनच मला लिहावं लागेल. आईला हे सांगितलं तर म्हणाली, “बापाला नाही कळणार मग काय पोस्टमनला कळणार?” मी म्हटलं, हो आई, पोस्टमनने छापून आणलं तर पोस्टमनचं धरतील.

तरी काळजी नको. ताईचे पहिले दोन शोधनिबंध आहेत, त्यात तिचं नाव सगळ्यात आधी आहे. तेवढ्यावर छोटं पान उभं राहील. तिसरा, काळ्या पाण्यावरचा मोठा निबंध ती गेल्यावर छापून आला. त्यात सरांचं नाव पहिलं आहे आणि तिचं तिसरं. त्याबद्दल मी फार काही लिहिणार नाही.

आणि मामा, सरांना यात ओढू नका. ते कामात असतात.

पान झालं की कळवते. वाचा, पन्नासदा वाचा, पण हात लावू नका.

तुमची भाचीबाई

२२ मार्च

चि. भाचीबाईस, आशीर्वाद.

काल पान पाहिले. दहाबारा ओळी आहेत. वर मोठ्या अक्षरात तिचे नाव. खाली जन्म आणि मृत्यू, मध्ये एक छोटी आडवी रेघ. मी ते कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला त्याच्या फोनवर उघडायला लावले. त्याने वाचले आणि म्हणाला, “काका, म्हणजे ही आता कायमची झाली.” घरी येईपर्यंत मी तेच मनात म्हणत होतो.

एक चूक होती ती मी दुरुस्त केली. ‘पाइपांचे नमुने मिळवण्यात आले’ असे लिहिले होते. मिळवण्यात आले म्हणजे कोणी मिळवले? मी तिथे ‘तिने स्वतः रस्त्याच्या खड्ड्यांत उतरून मिळवले’ असे केले. थराची कल्पना मुळात तिची होती हेही घातले. खाली बदलाचे कारण विचारले होते, तिथे ‘मी तिचा वडील आहे, मला माहीत आहे’ असे लिहिले. निनावी लिहिणे बरे दिसत नाही.

तुझ्या आईला सांग, तिची भाची आता छापील झाली.

मामा

२ एप्रिल

मामा,

हात लावू नका म्हटलं होतं ना.

रागावत नाहीये. पण तुमच्या त्या एका ओळीने पानावर पाटी लागली आहे, की हे जवळच्या नातेवाइकाने लिहिलेलं दिसतं. पाटी लागली की माणसं जमतात. आता कोणीतरी पान हटवायची सूचना मांडली आहे आणि त्यावर चर्चा सुरू झाली आहे. त्या दिवशी आम्ही लिहिलेली बाकीची सगळी पानं शाबूत आहेत. हे एकच असं सापडलं.

चर्चेचं पान उघडू नका. तिथे लोक टोपणनावाने लिहितात आणि टोपणनावाला लाज नसते. मी आहे भांडायला.

भा.

१४ एप्रिल

चि. भाचीबाईस, आशीर्वाद.

उघडले. तू नको म्हणालीस म्हणून चार दिवस धीर धरला.

एकाने लिहिले आहे, “बापाने भरलेलं प्रगतिपुस्तक. पोरगी पहिली आलेली दिसते. हटवा.” दुसरा म्हणतो, “अशी एक हुशार मुलगी प्रत्येक घरात असते. आमच्याकडेही आहे. तिचं पान कधी?” तिसऱ्याने, “मेल्यावर सगळेच शास्त्रज्ञ होतात,” एवढेच लिहिले आहे. तू नियमांचे आकडे देऊन एकटी भांडत होतीस, तुला त्यांनी ‘घरचा वकील’ म्हटले. कोणी तरी लिहिले, “काकांना कोणी पाणी द्या रे.” त्याखाली दुसऱ्याने, “काळं चालेल का?” आणि त्याखाली हसणारी तोंडे. ती तोंडे कोणी काढली ते मी नीट पाहिले. त्यातले एक नाव, तू पाठवलेल्या तुमच्या वाचनालयातल्या त्या दिवसाच्या फोटोखालच्या नावांत होते. माझी चूकही होत असेल.

‘घुबड’ नावाचा एक जण मात्र सभ्य आहे. त्याने लिहिले, की या क्षेत्रातल्या एखाद्या मान्यवराने तिच्यावर छापील लेख लिहिला असेल तर तो आपले मत बदलेल, आणि इतरांनीही थांबावे. माझ्या मनात लगेच सर आले. तू ओढू नका म्हणालीस, पण ते कामात असतात एवढेच कारण असेल तर मी वाट पाहू शकतो, असा विचार केला आणि काल गेलो.

बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसलो. मुंगीच्या जागेवर आता एक नवी मुलगी बसते. खोलीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली पाइपचा तुकडा लावला होता. तो मी कापलेला. माझी करवत शेवटी घसरते, तिथे खाच राहते, म्हणून ओळखला. दार छान अडले होते.

सर उठून उभे राहिले. “अहो, तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात? बोलावलं असतं तर मीच आलो असतो.” मी सगळे सांगितले. मध्येच त्यांना दोन फोन आले. शेवटी म्हणाले, “लिहितो की. आमच्या संस्थेच्या अंकात देतो. मुलगी सोन्यासारखी होती हो.” मग विचारले, “घरी तिचं काही काम राहिलंय का? टिपणं, आकडे?” मी म्हटले, पाइपचे तुकडे आहेत. “ते राहू द्या,” म्हणाले.

उतरताना जिन्यात थोडा बसलो. घुबडला काय लिहायचे ते तिथेच मनात जुळवले.

मामा

३० जून

चि. भाचीबाईस, आशीर्वाद.

मध्ये तुझे दोनच ओळींचे पत्र आले, की लेख छापण्याआधी आपल्याला दाखवायला सांगा. तसे सांगणे बरे दिसले नसते. त्यांनी आपल्यासाठी वेळ काढला.

आता अंक आला आहे. मुंगीचा फोटोही आहे. लेखातले थोडे उतरवून पाठवतो.

“माझ्या हाताखाली काम केलेल्या सहायकांमध्ये ही मुलगी सर्वांत विश्वासू. सांगितलेले काम वेळेत आणि नीटनेटके. अक्षर मोत्यासारखे. चेहरा सदा हसरा. पाइपमधील काळ्या थराची कल्पना मला एका विमानप्रवासात सुचली, तेव्हा नमुने गोळा करण्याचे किचकट काम तिने आनंदाने अंगावर घेतले. तिचे वडील, पाणीपुरवठा खात्यातील एक साधे गृहस्थ, तिला तुकडे कापून देत. शेवटच्या आजारातही मी तिच्या उशाशी बसून मार्गदर्शन करीत होतो. अशा निष्ठावान मुलींच्या खांद्यावरच विज्ञान उभे असते.”

मला वाटते सुंदर लिहिले आहे. माझासुद्धा उल्लेख आहे. विमानाचे वाचून जरा अडखळलो, पण दोघांना एकाच सुमारास सुचले असेल. मोठ्या लोकांचे तसे होत असावे.

तुला त्रास नको म्हणून लेखाची पाने मी स्वतःच चर्चेत जोडली. औषधवाल्याने दाखवले कशी जोडायची ते. घुबडने लगेच माझे आभार मानले. आता सगळे मार्गी लागेल.

मामा

८ जुलै

मामा,

हे कौतुक नाही. परत वाचा. विश्वासू, नीटनेटकी, हसरी. घरकामाची बाई सोडून जाताना तिला असं पत्र देतात. थराची कल्पना कोणाची, यावर जगात एकही छापील ओळ नव्हती. निबंधातही तसं स्पष्ट कुठे नव्हतं. मी त्याच फटीत पान उभं केलं होतं. आता ओळ आहे. एका मान्यवराने लिहिलेली, छापील, आणि खाली ‘दुवा देणार: तिचे वडील’. तुम्ही ही त्यांच्या दारात जाऊन मागून आणलीत. उन्हातून. बाकावर बसून.

मी सरांना ओढू नका म्हटलं ते ते कामात असतात म्हणून नव्हतं. ते दवाखान्यात येऊन गेले त्या संध्याकाळी ताईने मला फोन केला होता. म्हणाली, “सगळं काढून घेतलं गं. मी एकेक सांगत होते, ते उतरवून घेत होते. मी दोनदा म्हटलं की दमले आता. तर बाबा म्हणाले, सर एवढ्या लांबून आलेत, सांग त्यांना.” नर्सबाई सुई द्यायला आल्या होत्या, त्यांनाही तुम्ही परत पाठवलंत म्हणे. मग म्हणाली, “बाबांना यातलं काही सांगू नकोस. त्यांना सर फार आवडतात.”

इतके दिवस नाही सांगितलं. आज सांगतेय, कारण राग आलाय आणि तो काढायला दुसरं कोणी हाताशी नाही.

भा.

२० जुलै

चि. भाचीबाईस, आशीर्वाद.

पत्र मिळाले. इकडे सर्व ठीक. हवा दमट आहे. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत ते कळव.

मामा

१२ ऑगस्ट

प्रिय मामा,

माझं मागचं पत्र फाडून टाका. मी तसं लिहायला नको होतं. तुम्ही उत्तरात आईचे गुडघे विचारलेत, ते वाचून मला स्वतःची इतकी शरम वाटली की तीन आठवडे पेन हातात घेतलं नाही. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत.

चर्चेचा निकाल लागला. पान हटवलं नाही, ‘विलीन’ केलं. म्हणजे ताईचं असं वेगळं पान उरलं नाही. तिचं नाव टाइप केलं की आता सरांचं पान उघडतं. त्यात मध्ये कुठेतरी ‘सहायक’ म्हणून तिची एक ओळ आहे. तुम्ही जोडलेला लेख खाली पुरावा म्हणून दिलाय. निकाल घुबडने लिहिला. फार समतोल लिहिलाय.

मी ती ओळ बदलली. कोणीतरी परत केली. मी पुन्हा बदलली. शेवटी मला लिहायलाच बंदी घातली, कारण दिलं ‘नातेसंबंध आणि हेका’. वर्षभर मी तिथे काही करू शकत नाही. दुसऱ्या कोणी नवं काही छापलं तरच गाडी हलेल, आणि सरांच्या विरुद्ध छापणार कोण? त्या प्रयोगशाळेतल्या ताईच्या मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, “मला अजून तिथेच दिवस काढायचेत.”

वाचनालयात या वर्षीच्या उपक्रमाचा समारोप ऑक्टोबरात आहे. नेहमीचंच, खुर्च्या मांडायच्या आणि भाषणं ऐकायची. लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

तुम्ही जेवता ना वेळेवर?

तुमची भाचीबाई

२६ ऑक्टोबर

चि. भाचीबाईस,

आज सकाळी पाणी वेळेवर आले. त्याआधी दूध आणायला गेलो होतो. औषधवाल्याने हाक मारून थांबवले आणि पेपर पुढे केला. “काका, तुमची भाची आलीय बघा.”

फोटो मोठा आहे. ‘विज्ञानातील स्त्रिया’ या तुमच्या उपक्रमाच्या समारोपाला सर प्रमुख पाहुणे, आणि तू त्यांना पुस्तक देते आहेस. बातमीत लिहिले आहे, की आपल्या एका दिवंगत सहायिकेची आठवण सांगताना पाहुण्यांचा कंठ दाटून आला आणि सभागृह उठून उभे राहिले. सभागृह उठले तेव्हा तू बसून राहिलीस की नाही, ते फोटोत कळत नाही.

नोकरी असते. वरून सांगितले की करावे लागते. मीही खात्यात होतो, पाहुण्यांच्या गाड्यांची दारे मीही उघडली आहेत. तू आधी कळवले असतेस तर मी नको म्हटले नसते. समारोपात लिहिण्यासारखे काही नाही, असे तू लिहिले होतेस.

फोटोत तू हसते आहेस. हात हलला असावा, पुस्तक अंधुक आले आहे. अंगात तिचा निळा स्वेटर आहे. तिला आपल्याबरोबर नेते आहेस असे काहीतरी मनात धरून तू तो घातला असशील, हे मी स्वतःला दूध आणून घरी येईपर्यंत समजावले. सरांनी तो ओळखला नसणार. दवाखान्यात ती तोच घालून बसली होती.

मला तुझा राग नाही. हे खरे नाही, पण दुसरे काय लिहावे ते सुचत नाही. तू तिचे ते फोनवरचे बोलणे माझ्यापर्यंत पोचवलेस तेव्हाही तुला राग आलेला होता. त्याचे मी उत्तर दिले नाही, आताही देत नाही. तुझी आई विचारेल, तिला प्रकृती बरी आहे म्हणून सांग.

स्वेटर तेवढा परत पाठव. आता धुतलेला असला तरी चालेल. पार्सलात चिठ्ठी घालू नकोस.

मी रोज सकाळी तिचे नाव टाइप करतो. सर येतात. आपण आपल्याच घराचे दार वाजवावे आणि ते त्यांनी आतून उघडावे, तसे. मग खाली खाली जात तिची ओळ शोधतो. आधी ती मधल्या परिच्छेदात होती. आज तिथे सरांना मिळालेल्या नव्या पुरस्काराची माहिती आली आहे, आणि ओळ टिपांमध्ये गेली आहे. वाचायला चष्मा बदलावा लागला.

संगणक बंद केला. नळ सोडला. आधी काळे पाणी आले, ते जाऊ दिले. निवळ आल्यावर एक पातेले भरले आणि त्यावर झाकण ठेवले.